परवाना एकाचा, दार दुसऱ्याचे

भिलाईच्या कोहका भागात माझ्या मावशीचे घर आहे. काका पोलाद कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा सेक्टरमधील क्वार्टर सोडावे लागले, आणि हाती आलेल्या पैशांतून त्यांनी जुनवानीच्या बाजूला हे लहानसे घर बांधले. काका आता नाहीत. माझी बदली येथे झाल्यापासून मी व माझी पत्नी त्याच घराच्या माडीवर राहतो. केंद्र सरकारच्या कचेरीत कारकुनी करणाऱ्या माणसाकडे गल्लीतील मंडळी आपापले कागद घेऊन येतात, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना असेल. निवृत्तिवेतनाचा अर्ज, हयातीचा दाखला, नावातील चूक दुरुस्त करण्याचे प्रतिज्ञापत्र. या कामांचा मला कधी कंटाळा आला नाही. दोन वर्षांपूर्वी मात्र मावशीचाच एक कागद माझ्यापुढे आला आणि त्याने मला एका प्रश्नात गुंतविले. त्या प्रश्नाचा निकाल त्याच वेळी लागला. पण तो मनातून अद्याप गेलेला नाही. म्हणून तो वाचकांपुढे मांडीत आहे.

मावशीची धाकटी मुलगी युरोपातील एका देशात असते. देशाचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. लग्नानंतर सहा वर्षांनी तिला दिवस गेले होते, आणि पहिले बाळंतपण. तेव्हा आईने जवळ असावे, ही इच्छा दोघींचीही. मावशीने अळीव, डिंक, खारीक यांची जुळवाजुळव सुरू केली. परंतु तिच्या पासपोर्टची मुदत संपलेली होती, हे आमच्या उशिरा ध्यानात आले. जुन्या कागदांत तिचे माहेरचे नाव एका तऱ्हेने, तर काकांच्या कागदांत सासरचे नाव दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले. ते निस्तरण्यात महिने गेले. दोष सर्वस्वी आमचा. नवा पासपोर्ट हाती आला तेव्हा मुलीच्या देशाकडे व्हिसाचा अर्ज देण्यासाठी जी वेळ मिळत होती, ती बाळंतपणाच्या तारखेला अगदी भिडलेली होती. अर्जानंतर निर्णयाला पंधरा दिवस धरावयाचे. म्हणजे मावशी पोहोचेपर्यंत बाळ जन्मून बारसेही होऊन जाणार, हे उघड होते.

अशा वेळी मावशीचा थोरला मुलगा, ज्याला आम्ही सगळे अण्णा म्हणतो, पुण्याहून येथे आला. त्याला कोणा एजंटाने एक मार्ग सांगितला होता. मुलीच्या देशाचा व्हिसा मागायचाच नाही. शेजारच्या दुसऱ्या देशाकडे अर्ज देण्याची वेळ आठवड्याभरात मिळत होती. त्या देशात बारा दिवस हिंडण्याचा कार्यक्रम लिहावयाचा, हॉटेलांची आरक्षणे जोडावयाची, व्हिसा हाती आला की ती रद्द करावयाची आणि सरळ मुलीच्या गावी उतरावयाचे. अण्णा मला म्हणाला, "एका देशाचा व्हिसा असला तरी दुसऱ्या देशातून आत शिरता येतं, हे नियमातच आहे. मग आपण वेगळं काय करतोय? तू सरकारी माणूस. तो कार्यक्रम तुझ्याइतका नीटस कोण लिहिणार?"

अण्णाच्या बोलण्यातील पहिला भाग खरा होता. म्हणून प्रथम नियमच काय तो पाहू.

१४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधील शेंगेन या गावी, मोझेल नदीत उभ्या असलेल्या एका बोटीवर, बेल्जियम, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्स या पाच देशांनी एक करार केला. फ्रान्स, जर्मनी व लक्झेंबर्ग यांच्या सीमा जेथे एकत्र येतात, तेथेच हे गाव आहे. आपापसांतील सीमांवरील तपासणी क्रमाक्रमाने काढून टाकावी, हा त्या कराराचा हेतू. प्रत्यक्ष अंमल २६ मार्च १९९५ पासून सुरू झाला. आणि १ जानेवारी २०२५ रोजी बल्गेरिया व रोमेनिया यांच्या भूसीमांवरील तपासणीही उठल्यापासून हे क्षेत्र पुरतेपणी २९ देशांचे झाले. यांपैकी एका देशाने दिलेला अल्प मुदतीचा व्हिसा सामान्यतः सर्वांत चालतो. कोणत्याही १८० दिवसांच्या अवधीत ९० दिवसांपर्यंत राहता येते, आणि आत गेल्यावर एका देशातून दुसऱ्या देशात जाताना पुन्हा परवाना मागावा लागत नाही.

मात्र तो व्हिसा कोणाकडे मागावयाचा, हे प्रवाशाच्या मर्जीवर सोडलेले नाही. २००९ साली केलेल्या आणि एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या व्हिसा-संहितेत त्याचा क्रम ठरवून दिला आहे. एकाच देशास जावयाचे असेल तर त्या देशाकडे मागावा. अनेक देशांस जावयाचे असेल तर जेथे मुख्य मुक्काम, मग तो दिवसांच्या संख्येने मुख्य असो वा प्रवासाच्या हेतूने, त्या देशाकडे मागावा. आणि मुख्य मुक्काम कोणता हे ठरतच नसेल, तर ज्या देशाची बाहेरची सीमा प्रथम ओलांडावयाची, त्याच्याकडे मागावा. या शेवटच्या कलमामुळे अनेकांचा असा समज होतो की, ज्याचा व्हिसा त्याच देशाच्या दारातून आत शिरले पाहिजे. तो समज चुकीचा आहे. मुख्य मुक्काम एका देशात असेल आणि विमान दुसऱ्या देशात उतरत असेल, तर त्यात नियमाचा यत्किंचितही भंग होत नाही. दारावरचा अधिकारी प्रवाशाला कोठे जाणार, कोणाकडे उतरणार, परतीचे तिकीट आहे काय, हे विचारू शकतो. कारण व्हिसा हाती असणे म्हणजे प्रवेशाचा हक्क मिळणे नव्हे, असे संहितेतच म्हटले आहे. आणि तो व्हिसा फसवून मिळविला असल्याचे दिसून आले, तर तो रद्द होतो.

म्हणजे नियमाने रस्ता मोकळा ठेवला आहे आणि मुक्काम बांधून घेतला आहे. एजंटाच्या युक्तीत रस्त्याच्या मोकळेपणाचा उपयोग मुक्काम लपविण्यासाठी केलेला होता. कायद्याचे उत्तर येथे संपले. परंतु अण्णाला ते पुरेसे नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर मलाही नव्हते. एखादी गोष्ट नियमबाह्य आहे, एवढ्याने ती अनीतीची ठरत नाही. हे नियमांच्या सहवासात दिवस काढणाऱ्या आपल्यासारख्यांना इतरांपेक्षा अधिक ठाऊक असते.

या व्यवस्थेचे वैशिष्ट्य असे की, परवाना देणारा एक आणि दार उघडणारा दुसरा. ही कल्पना युरोपने काल-परवा शोधून काढलेली नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मुद्राध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. त्याने एक माषक घेऊन प्रवाशाला मुद्रा द्यावी, आणि मुद्रा असेल त्यानेच जनपदात यावे वा बाहेर जावे. परंतु ती मुद्रा वाटेत तपासण्याचे काम मुद्राध्यक्षाचे नव्हे. ते विवीताध्यक्षाचे, म्हणजे कुरणांवरील अधिकाऱ्याचे. मुद्रा नसलेल्या स्वदेशीय माणसास बारा पण दंड सांगितला आहे. खोटी मुद्रा बाळगणारास त्याहून जड शिक्षा; आणि खोटी मुद्रा घेऊन आलेला परदेशीय असेल, तर सर्वांत मोठा दंड. परवाना नसण्यापेक्षा खोटा परवाना असणे हा मोठा अपराध, हा भेद त्या ग्रंथकाराने कशासाठी केला असेल? माझ्या समजुतीप्रमाणे कारण असे आहे. जो परवान्यावाचून येतो, तो पहारेकऱ्याला चुकवितो. जो खोटा परवाना घेऊन येतो, तो पहारेकऱ्याचा मुद्राध्यक्षावरील विश्वास वापरून घेतो. कुरणावर उभा असलेला अधिकारी प्रवाशाला ओळखत नाही. तो आपल्या दूरच्या सहकाऱ्याचा शिक्का ओळखतो. दोन माणसांनी परस्परांवर ठेवलेला विश्वास तिसऱ्याने आपल्या सोयीसाठी खर्च करावयाचा, असा हा व्यवहार आहे.

आजच्या दारावर यंत्रे आली आहेत. २०११ पासून शेंगेन देशांनी व्हिसाच्या अर्जदारांची छायाचित्रे व बोटांचे ठसे एका सामाईक नोंदीत ठेवण्यास प्रारंभ केला, आणि दारावरचा अधिकारी ती नोंद पाहू शकतो. त्यावरून पुढे उभी असलेली व्यक्ती तीच आहे, हे कळते. पण ती काय मनात धरून आली आहे, हे त्या नोंदीत नसते. त्यासाठी अजूनही तिच्या शब्दावरच विसंबावे लागते.

आपल्या कचेरीतील उदाहरण घेतले तर हे अधिक स्पष्ट होईल. आपल्यापैकी बहुतेकांनी एलटीसीचा अर्ज भरला असेल. १९८८ च्या नियमांप्रमाणे भारतात कोठेही जाण्याची सवलत घेताना जावयाचे ठिकाण आधी जाहीर करावे लागते. प्रवास सुरू होण्यापूर्वी वरिष्ठांच्या संमतीने ते बदलता येते. प्रवास सुरू झाल्यावर मात्र आपल्या हाताबाहेरचे काही कारण घडल्याखेरीज बदलता येत नाही. रस्त्याविषयी मात्र आग्रह नाही. वाकडी वाट करून गेलात तरी चालेल, भाडे तेवढे जवळच्या सरळ मार्गाचे मिळेल. येथेही रस्ता मोकळा आणि मुक्काम बांधलेला आहे. दुर्गहून कन्याकुमारीला निघालेला माणूस चार दिवस मद्रासला नातेवाइकांकडे थांबला, तर त्याला कोणी लबाड म्हणत नाही. पण जो कन्याकुमारीचे बिल जोडतो आणि त्या दिवसांत घरी बसून भिंतींना रंग देतो, त्याला आपण काय म्हणतो हे सांगावयास नको.

मग दोष नेमका कोठे असतो? ठरविलेले आणि घडलेले यांत अंतर पडले, एवढ्याने तो लागत नाही. समजा, एक प्रवासी खरोखर एका देशात बारा दिवस राहण्याच्या विचाराने व्हिसा घेतो, आणि तेथे पोहोचताच शेजारच्या देशात असलेला त्याचा भाऊ आजारी पडतो, म्हणून बाराही दिवस भावाजवळ काढतो. त्याच्या अर्जातील एकही ओळ खरी ठरली नाही. तरी तो खोटे बोलला नाही. दुसरा प्रवासी मनात एक ठेवून कागदावर दुसरे लिहितो. पण ऐनवेळी आगगाड्यांचा संप होतो आणि त्याला कागदावर लिहिलेल्या देशातच अडकून पडावे लागते. त्याच्या अर्जातील प्रत्येक ओळ खरी ठरली. तरी तो खोटे बोललाच. शब्दाची परीक्षा तो उच्चारला त्या क्षणी होते. पुढे जे घडते त्याने सत्य बाटत नाही, आणि असत्य शुद्धही होत नाही. एजंटाने सुचविलेला कार्यक्रम लिहिताना माझ्या मनात मावशीच्या मुलीचे गाव असणार होते. या एका गोष्टीने प्रश्न सुटावयास हवा होता.

परंतु अण्णा हुशार आहे. त्याने तीन आक्षेप घेतले, आणि ते टाकाऊ नव्हते.

पहिला आक्षेप असा की, यात नुकसान कोणाचे? मावशी तेथे नोकरी करणार नाही, भीक मागणार नाही, मुदत संपली की परत येणार. दोन्ही देश एकाच व्यवस्थेतले. पैसे तेवढेच, व्हिसाही तोच. यावर माझे उत्तर माझ्या टेबलापुरते आहे. माझ्या हातून जे नमुने जातात, त्यांत दरवर्षी एखादा नवा रकाना वाढतो. तो रकाना का आला, याचा शोध घेतला तर बहुधा कोणाची तरी एखादी जुनी लबाडी सापडते. एकाने खोटे बिल जोडले, म्हणून पुढच्या हजारांना मूळ तिकीट जपून ठेवावे लागते. मावशीच्या अर्जामागून त्याच खिडकीवर दुसऱ्या कोणाची तरी आई येणार होती. तिला खरोखरच तो देश पाहावयाचा असेल, आणि आमच्यासारख्यांमुळे सावध झालेला माणूस तिच्या प्रत्येक कागदाकडे संशयाने पाहील. ज्याचे नुकसान होते तो समोर दिसत नाही, म्हणून नुकसान झाले नाही असे आपण समजतो.

दुसरा आक्षेप अधिक कडू होता. अण्णा म्हणाला, "त्यांनी आमच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवलं, ते कोणाचा व्हिसा घेऊन? आणि आज माझ्या आईनं लेकीकडे जायला हातापायाच्या जुळणीसकट सगळे पुरावे द्यायचे?" हा प्रश्न पोकळ नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आमच्याच समुद्रात कार्ताझ नावाचा परवाना सुरू केला. जहाज कोणाचे, नाखवा कोण, शस्त्रे किती आणि बंदर कोणते, हे त्यात लिहिलेले असे. परवाना नसेल तर गलबत जप्त. बादशहांच्या आणि सुलतानांच्या जहाजांनाही तो घ्यावा लागे. पुढे कान्होजी आंग्रे यांनी त्याच समुद्रात आपल्या दस्तकाचा आग्रह धरला, तेव्हा युरोपीय व्यापाऱ्यांनी त्यांना चाचा ठरविले. परवान्याच्या इतिहासात न्याय थोडा आणि बळ फार, हे मान्य केलेच पाहिजे.

पण अन्यायाचा नियम मोडण्याचीही एक रीत आमच्याच लोकांनी घालून दिलेली आहे. १९५५ साली नानासाहेब गोरे सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्याच्या हद्दीत शिरले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला ठिकठिकाणांहून शेकडो सत्याग्रही परवान्यावाचून पोर्तुगीज हद्दीत गेले. गोळीबारात वीसहून अधिक जण पडले. त्यांपैकी कोणी आपण व्यापारी असल्याचे किंवा देवदर्शनास आल्याचे सांगितले नाही. आम्ही कोण, कोठून आलो आणि कशासाठी, हे त्यांनी उघडपणे सांगितले आणि होईल ते सोसले. ज्याला नियम अन्यायाचा वाटतो, त्याने तो तोंडावर मोडावा. आम्ही योजिले होते ते काही नियमाविरुद्ध बंड नव्हते. आम्हांला नियम हवाच होता. फक्त तो आपल्यापुरता वाकवून हवा होता. अशा वेळी इतिहासातील अन्यायाचे नाव पुढे करणे म्हणजे हुतात्म्यांच्या नावावर आपली उधारी मांडण्यासारखे आहे. अण्णाला मी हे बोललो, तेव्हा तो काही वेळ गप्प राहिला. नंतर त्याने तिसरा आक्षेप काढला. आणि त्यावर मी गप्प झालो.

तो म्हणाला, "तत्त्व तुझं, पण किंमत तिची. बाळंतपण तुझ्या बायकोचं असतं तर?"

या प्रश्नाला उत्तर नव्हते. दुसऱ्याच्या खर्चाने सत्यवादी होणे फार सोपे असते. मी कार्यक्रम लिहिला नाही तर माझे काहीच बिघडत नव्हते. रात्री झोप तेवढी लागली असती, आणि लेकीचे पहिले बाळंतपण मात्र मावशीचे हुकले असते. त्या रात्री मला हिरकणीची आख्यायिका वारंवार आठवली. सूर्यास्ताला रायगडाचे दरवाजे बंद झाले. दूध घालावयास आलेली गवळण वर अडकली. खाली घरी तान्हे मूल. पहारेकऱ्यांनी नियमाकडे बोट दाखविले. तेव्हा ती अंधारात कडा उतरून गेली. आईच्या ओढीपुढे दरवाज्याचा नियम टिकला नाही, असाच त्या कथेचा अर्थ आपण लहानपणापासून ऐकत आलो. अण्णाच्या बाजूने याहून मोठा पुरावा कोणता?

परंतु विचार करता दोन गोष्टी ध्यानात आल्या. एक म्हणजे, हिरकणीने पहारेकऱ्याला खोटे सांगितले नाही. "मूल घरी आहे, सोडा," हे तिने खरे तेच सांगितले. आणि ते ऐकले गेले नाही, तेव्हा तिने आपला जीव पणाला लावला, दुसऱ्या कोणाचा विश्वास नव्हे. दुसरी गोष्ट अशी की, महाराजांनी तिचा सन्मान केला आणि ती उतरली त्या जागी बुरूजही बांधला. कथेतील राजाने आईला दोषी धरले नाही, आणि कड्यावरची वाटही उघडी ठेवली नाही. नियम आणि करुणा यांना एकाच बुरुजावर उभे करणारी ती कथा मला यापूर्वी इतकी नीट समजली नव्हती.

तरीही अण्णाचा प्रश्न उरतच होता. हिरकणीने जे केले ते स्वतः ठरवून केले. येथे ठरवीत होतो आम्ही दोघे. मी नाही म्हणत होतो आणि तो हो म्हणत होता. पण जिला जावयाचे होते तिला आम्ही दोघांपैकी एकानेही विचारले नव्हते. मावशीला इंग्रजी येत नाही, त्या देशांच्या भाषा तर नाहीतच. तेव्हा कागदांचे तिला काय कळणार, हे आम्ही गृहीत धरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सारे तिच्यापुढे मांडले. ती गहू निवडीत होती. तिने सर्व ऐकून घेतले आणि एकच गोष्ट विचारली.

"उतरल्यावर तिथला माणूस मला विचारील का, कुठं चालली म्हणून?"

मी म्हटले, "विचारील. विचारायचा त्याला अधिकार आहे."

"मग मी काय सांगायचं? लेकीकडे चालले नाही, असं?"

अण्णा म्हणाला, "आई, फक्त तेवढं एकदाच."

त्यावर मावशी म्हणाली, "अरे, एवढा प्रवास करून जायचं ते तिच्यासाठी, आणि दारातच तिचं नाव टाकायचं? ते माझ्यानं नाही होणार. उशीर होईल तर होऊ दे."

आम्ही दोघे ज्यासाठी दोन दिवस भांडत होतो, तो प्रश्न तिच्या दोन वाक्यांत मला वेगळाच दिसू लागला. मी खोट्या कार्यक्रमाकडे कागद म्हणून पाहत होतो. कागदावरचे असत्य टाइप करणाऱ्याचे असते, अशी माझी समजूत. पण ते मुखाने उच्चारण्याची वेळ आली असती ती तिच्यावर. एकटीवर, परक्या मुलखात, परक्या भाषेत. आम्ही लिहावयाचे आणि तिने उभे राहून सांगावयाचे. आपण कारकून माणसे आयुष्यभर दुसऱ्यांची विधाने लिहितो. "मी प्रतिज्ञेवर सांगतो की" हे शब्द माझ्या हातून हजार वेळा लिहिले गेले असतील, आणि त्यांतील "मी" बहुतेक वेळा मी नसतो. जो सही करतो त्याला ते विधान आपले म्हणून वागवावे लागते. लिहिणारा मात्र पुढच्या कागदाकडे वळतो. दुसऱ्याच्या तोंडी शब्द घालताना तो शब्द त्याला पेलेल काय, हे विचारणे हे आपल्या धंद्यातील पहिले कर्तव्य असावे, असे मला आता वाटते. ते मी मावशीपूर्वी फारसे कोणाला विचारलेले नाही, हेही कबूल केले पाहिजे.

अर्ज तिच्या मुलीच्या देशाकडेच गेला. "प्रवासाचा हेतू" या रकान्यात मी लिहिले, मुलीच्या बाळंतपणासाठी. दुर्गहून मुंबई मेलने आम्ही मुंबईस जाऊन कागद दिले. व्हिसा आला. परंतु त्या दिवसांत स्वस्त तिकीट पॅरिसमार्गेच मिळत होते, आणि पुढचे विमान तेथून. म्हणजे अखेर परवाना एका देशाचा आणि दार दुसऱ्याचे, हा योग मावशीच्याच वाट्याला आला. मी तिला एका जाड कागदावर मुलीच्या गावाचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून दिला होता. दारावरच्या माणसाने काहीतरी विचारले. तिला एक शब्द कळला नाही. तिने कागद पुढे केला, गावाचे नाव घेतले आणि दोन्ही हातांनी तान्हे मूल जोजवून दाखविले. त्याने कागद पाहिला, व्हिसा पाहिला, समोरच्या पडद्यावर काही पाहिले आणि शिक्का मारला. हे तिने परत आल्यावर मला करून दाखविले. तिच्या जागी जर बारा दिवसांच्या हॉटेलांची यादी पाठ केलेली बाई असती, तर तिला त्या खिडकीपुढे किती भाषा याव्या लागल्या असत्या, असा विचार माझ्या मनात आला. खरे सांगावयास तिला एक गावाचे नाव पुरले.

एवढ्यावर हा लेख संपविता आला असता, तर मला बरे वाटले असते. पण जे झाले ते सर्व सांगितले पाहिजे. मावशी पोहोचली तेव्हा बाळ तेवीस दिवसांचे झाले होते. प्रसूती कठीण गेली. पहिल्या आठवड्यात मुलीला ताप होता, आणि घरात नवऱ्याखेरीज कोणी नव्हते. बारसे बाराव्या दिवशी झाले. मावशीने ते कोहक्यात बसून मोबाइलच्या पडद्यावर पाहिले. पाळण्यात घालावयाची वेळ आली तेव्हा ती उठून स्वयंपाकघरात गेली. अण्णाने त्यानंतर मला या विषयावर एक शब्दही ऐकविला नाही. पण त्या दिवशी आमच्या घरी तो जेवला नाही.

यंदा मे महिन्यात ती बहीण मुलाला घेऊन येथे आली होती. एका संध्याकाळी आम्ही गच्चीवर बसलो असताना ती सहज म्हणाली, "दादा, तेव्हा आई पहिल्या आठवड्यात असती तर बरं झालं असतं रे."

मी काही बोललो नाही. तिचे म्हणणे खरे होते. आम्ही केले ते योग्यच केले, असे मला आजही वाटते. तरी योग्य गोष्टीची किंमत कोणाला द्यावी लागली, हे विसरण्याचा अधिकार मला त्यामुळे मिळत नाही.